अकराशे सोळावर अंगाई

पाचला वीस मिनिटं होती आणि बाळ नुकतंच झोपलं होतं. तेही रेडिओ केंद्राच्या एकुलत्या एक स्टुडिओत, माइकसमोरच्या टेबलावर, दुपट्यात गुंडाळून.

एरवी ही आनंदाची बातमी. पण वादळात मनोरा पडल्यापासून केंद्र बंद होतं आणि नियम सरळ होता. तीस दिवस गप्प राहाल, तर तुमची फ्रिक्वेन्सी रांगेतल्या पुढच्या अर्जदाराला. आज तिसावा दिवस. पुढचा अर्जदार गाद्यांचा व्यापारी होता. त्याला दिवसभर गाद्यांच्याच जाहिराती लावायच्या होत्या. तिकडे परवान्यांच्या कचेरीत निरीक्षक साहेब रिसीव्हर लावून बसले होते. केंद्राचं नाव आणि फ्रिक्वेन्सीचा आकडा त्यांच्या कानी पडून पाचच्या आत रजिस्टरात सही झाली, तरच परवाना टिकणार होता.

मनोरा आत्ता कुठे उभा राहिला होता.

"बोल ना!" इंजिनिअर नवरा कुजबुजला.

"तू बोल!" निवेदिका त्याहून हळू म्हणाली. "दात येताहेत तिला. उठली तर असं भोकाड पसरेल, की त्यांना नाव ऐकू जाईल का माझं कपाळ?"

"बाहेर नेऊ तिला?"

"हात लावून तर बघ!"

तिच्या खिशात फोन थरथरला. कचेरीतला शिपाई होता. "ताई, काटा हलतोय, पण आवाज नाही. साहेब म्हणतात, नुसत्या खरखरीला प्रसारण म्हणत नाहीत."

ती माइकशी वाकली. एक हात बाळाच्या पाठीवर थोपटत, अंगाईच्या चालीवर तिने केंद्राचं नाव गायलं, मग आकडा. "अकराशे सोळा... किलोहर्ट्झ गं..." एकदा, दोनदा, तीनदा. बाळाचा श्वास संथ झाला.

फोन पुन्हा थरथरला. आता शिपाईही कुजबुजत होता.

"ताई, साहेब झोपले."

"काय?"

"नाव लिहिलं, आकडा लिहिला, मग पेनाची रेघ पार पानाच्या तळापर्यंत गेली. सही राहिली."

"अहो, मग उठवा ना!"

"मी? चार महिन्यांवर पेन्शन आलीय माझी."

पाचला तीन मिनिटं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने घड्याळाकडे पाहिलं. तिने दुपट्याचं टोक बाळाच्या कानावर ओढलं, "सॉरी गं सोने" म्हणाली आणि छाती भरून माइकमध्ये ओरडली, "अहो साहेब! उठा! सही करा!"

काचा थरथरल्या. फोनमध्ये खुर्ची कोसळल्याचा आवाज आला, मग बरीच धडपड आणि शेवटी शिपाई, "झाली! चार अठ्ठावन्न!"

दोघांनी श्वास रोखून टेबलाकडे पाहिलं. बाळाने ओठ चोखल्यासारखे हलवले, कूस बदलली आणि ते पुन्हा गाढ झोपलं.

नवरा स्टुलावर मटकन बसला. घाम पुसत, तिलाही जेमतेम ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "वाचलो."

बाळाने टक्कन डोळे उघडले.