मागल्या खोलीत वायफाय दाखल जाहले, त्याची हकीकत

सकलकार्यधुरंधर, कचेरीनिपुण, सौभाग्यवती सूनबाईसाहेब यांचे हुजुरास बखरनवीसाची अर्जी ऐसी जे, साहेबांची स्वारी संध्याकाळी कचेरीहून परतली तेव्हां सासू, सासरे आणि नवरा या तिघांनी तीन प्रकारे वर्तमान सांगितले, आणि तिघेही एकदम बोलू लागले, मग साहेबांनी पर्स खाली ठेवण्यापूर्वीच हुकूम फर्माविला की, झाले ते झाले तैसे लिहून काढणे, कोणाची भीड न धरणे. त्याजवरून लिहिले आहे. कमी पडल्यास कसूर आमची, जास्त जाहल्यास चिरंजीवांची.

मोहिमेचे कारण ऐसे जे, मातोश्रीसाहेब शाळेत भूमिती शिकविण्याचे कामी उभी हयात खर्ची घालून निवृत्त जाहल्या, आणि दिवस खावयास उठू लागला, मग घरात जो सापडेल त्यास कोन समजावू लागल्या. तीर्थरूपांनी टॉवेल वाळत घातला तरी तो दोरीस समांतर नाही ऐसा शेरा मिळे. वरकरणी हसत, परंतु आपणांस आता कोणी काही विचारीत नाही, ही खंत बाईंच्या मनी बहुत होती. इतक्यात जुन्या शाळेचा खलिता आला की, भूमितीत गचकलेल्या मुलांचा वर्ग घरूनच संगणकावर घ्यावा, पहिला तास अमुक दिवशी पाच वाजता. मातोश्रींनी चष्मा पुसून पुसून जवळजवळ झिजविला. तीर्थरूपांनी मागल्या खोलीचे भिंतीवर हिरवा फळा ठोकून दिला, आणि त्या कामी स्वतःचा अंगठाही ठोकून घेतला. फळ्यासमोर संगणक मांडिला, तो राउटर राहिला बाहेर चपलांच्या कपाटावर, आणि त्याची तार स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन संपली. म्हणोन युएसबीत खोचावयाचा, नखाएवढा, वायफायचा अडॅप्टर बाजारातून आणविला.

आता चिरंजीवांचा स्वभाव लिहिणे प्राप्त आहे. माणूस सालस, निर्व्यसनी, परंतु सोपे काम सोपेपणी करणे त्यांच्या रक्तात नाही. संगणक जुना, रडतखडत चाले, सबब त्यांनी त्याची जुनी प्रणाली पदच्युत करून लिनक्स नामे मुक्त प्रणाली तख्तनशीन केली, जिचा धनी कोणी एक नाही, जिचे अंतरंग कोणीही उघडून पाहावे, आणि जिजविषयी चिरंजीव जेवताना बोलू लागले की साहेबांस अचानक कचेरीचे फोन येतात.

असो. तासाचे दिवशी दुपारी चिरंजीवांनी अडॅप्टर खोचिला, तो पडद्यावर वर्दी आली की, एक डिस्क दाखल जाहली आहे. आत पाहता परक्या प्रणालीच्या कामाच्या फायली, आपले उपयोगाचे काही नाही. चिरंजीवांनी निदान केले की, यंत्र आणि प्रणाली यांमधील जो दुभाष्या, ज्यास ड्रायव्हर म्हणतात, तो नाही, म्हणोन अडॅप्टर मुका बसला आहे. दुभाष्या आणावा तर तो इंटरनेटावर, आणि इंटरनेट यावे तर दुभाष्या पाहिजे, ऐसा पेच पडला. मग फोन तारेने जोडून त्याचे वाटे रसद चालू केली. पहिला दुभाष्या आला तो दुसऱ्याच अडॅप्टराचा निघाला. दुसरा खरा होता, परंतु तो कच्च्या मालापासून घरी घडवावा लागे, आणि घडविण्याची हत्यारे उतरवून घेता घेता फोनाचा दिवसाचा डेटा सफाचट जाहला.

तदनंतर टर्मिनल नामे काळ्या खिडकीत युद्धास तोंड लागले. अक्षरांच्या फौजा खालून वर धावू लागल्या, आणि तीर्थरूप अंगठ्यास बर्फ लावीत मागे येऊन उभे राहिले.

"हे तू लिहितोयस की आपोआप चाललंय?"

"बाबा, आत्ता नको."

दुभाष्या घडला, जागी बसला, एकही तक्रार उमटली नाही, आणि वायफायचे चिन्ह म्हणोन काही दिसेना. ड्रायव्हर हजर, अडॅप्टर हजर, आणि दोघे भांडलेल्या साडूंप्रमाणे एका बाकावर बसून एकमेकांकडे पाहीनात. चिरंजीवांनी फोरमावरील एक पान डेटा असतानाच उतरवून ठेविले होते, ते आता वाचिले. त्यात कोणा गृहस्थाने हाच अडॅप्टर, हेच दुःख सविस्तर लिहून, शेवटी स्वतःच खाली लिहिले होते की, सुटले, आभार. कैसे सुटले याविषयी एक अक्षर नाही. त्या गृहस्थाचे नावे चिरंजीव जे बोलिले ते सासूसासऱ्यांचे घरात लिहिण्याजोगे नव्हे.

मग चिरंजीवांनी फर्मान काढिले की, पडद्यावरील त्या डिस्केस कोणी हात लावू नये, अडॅप्टर जिवंत असल्याची तेवढीच एक खूण उरली आहे. आणि स्वतः संगणक बंद करून चालू करीत राहिले, दुसरे काही सुचेना.

पाचाचा सुमार आला. तीर्थरूपांनी मसलत दिली की, डबडे उचलून राउटरापाशी न्यावे, तार जोडावी, विषय संपला. मसलत चोख होती, म्हणोनच चिरंजीवांस झोंबली.

"आणि फळा?" मातोश्री म्हणाल्या. "त्रिकोण काय हवेत काढू?" मग आपणच म्हणाल्या, "असू दे. तोंडी सांगेन. पोरं वाट बघत असतील."

आकृतीवाचून भूमिती तोंडी सांगणे बाईंच्या किती जिवावर येते, हे त्या घरी सर्वांस ठाऊक होते. बाईंनी हातातील खडू फळ्याचे कडेला ठेविला, आणि चिरंजीवांस खरोखर वाईट वाटले.

"आई, माझंच चुकलं. उगाच नको ते करत बसलो."

ऐसे बोलून त्यांनी माघारीचा हुकूम दिला. तीर्थरूपांनी संगणकाचा पडदा उचलावयास धरिला, आणि चिरंजीव अडॅप्टर उपटावयास हात घालणार तो मातोश्रींनी मनगट पकडिले. शाळेत कोणी घाईने पेनड्राइव्ह उपटून सहामाहीच्या सगळ्या प्रश्नपत्रिका गमाविल्या होत्या, तेव्हांपासून रजा दिल्याविना संगणकातून काडीही काढू नये, ऐसा बाईंचा शिरस्ता होता.

"थांब. असं ओढायचं नसतं. आधी इजेक्ट."

"अगं, त्यात काहीच नाहीये."

"नसू दे."

आणि बाईंनी माउस हाती घेऊन त्या डिस्केस रीतसर इजेक्ट केले. डिस्क पडद्यावरून गेली. तोच अडॅप्टराचे पोटी निळा दिवा लुकलुकला, आणि वर कोपऱ्यात वायफायचे चिन्ह उगविले, आणि खाली आपला राउटर, शेजाऱ्यांचा राउटर, समोरच्या दातांच्या डॉक्टरांचा राउटर ऐसे सारे हात जोडून उभे. मर्म ऐसे की, अडॅप्टर डिस्केचे सोंग घेऊन बसला होता, आणि त्या डिस्केस निरोप मिळेतोवर खऱ्या चाकरीस रुजू होणे त्याचे जातीस ठाऊक नव्हते. निरोप मिळताच उठला, आणि दुभाष्या तयार होताच. चिरंजीवांची मेहनत वाया गेली नाही, हे येथे मुद्दाम लिहिले आहे, नाहीतर रुसतील.

परवलीचा शब्द घातला, आणि पडद्यावर पोरांची तोंडे एकामागून एक उगवू लागली. "बाई, आवाज येतोय," ऐसे कोणी म्हणाले. मातोश्रींनी खडू उचलिला, पाठ फिरविली आणि एका दमात सरळ रेघ ओढिली. दारात चिरंजीव तीर्थरूपांस सोंगाचे मर्म उत्साहाने समजावू लागले, तो मातोश्री मागे न पाहता म्हणाल्या, "बोलायचं असेल त्यानं हात वर करावा." चिरंजीवांनी हात वर केला. तास संपेतो तो वरच होता.

येणेप्रमाणे मागली खोली फत्ते जाहली. फत्ते कोणाचे नावे दाखल करावी याविषयी तंटा आहे. चिरंजीव ड्रायव्हराचे नाव घेतात, तीर्थरूप अंगठा दाखवितात. मातोश्रीसाहेबांस विचारावयास गेलो, तो त्या उद्याच्या तासाची तयारी करीत होत्या, त्यांजला फुरसत नाही.