बाजूला ठेवलेल्या पैठण्या

"आण्णा, ही लग्नसराई फक्त माझ्या हातात द्या. दुकान कसं चालवतात ते अख्ख्या येवल्याला दाखवतो!" हर्षलने छाती फुगवून सांगितलं, तोवर दुकानाची जुनी बिलबुकं रद्दीवाल्याच्या काट्यावर चढलीसुद्धा होती.

वाल्मीकआण्णांनी पेपरातून डोकं वर काढलं. "सराई नीट पार पाड. दुकानाच्या किल्ल्या तुझ्या."

मग काय! नव्या सॉफ्टवेअरने प्रत्येक पैठणीला नंबर दिला. गिऱ्हाईक 'बाजूला ठेवा' म्हणालं रे म्हणालं, की त्याचं नाव आणि मोबाईल टाकून पैठणी राखीव! आता साड्यांच्या दुकानात 'ही बाजूला ठेवा हं, यांना विचारून येते' असं बाई कधी म्हणते? साठ साड्या उलगडून झाल्यावर काहीच न घेता उठायची लाज वाटते तेव्हा! गादीवर बसणाऱ्याला हे मिसरूड फुटायच्या आधी कळतं. हर्षल मात्र पुण्याला एमबीए करून आला होता.

"दादा, त्या परत नसतात येत," पंधरा वर्षं काउंटर सांभाळणारी सविता म्हणाली.

"सविताताई, ग्राहकाच्या शब्दावर विश्वास ठेवायला शिका!"

दोन आठवड्यांत स्क्रीनवर झळकलं : शिल्लक माल शून्य! हर्षलने पेढे आणले. "एकशे चाळीस पैठण्या बुक!" आण्णांनी गच्च भरलेल्या कपाटांकडे पाहिलं, पेढा गिळला आणि पुन्हा पेपर उघडला.

मंगळवारी दिंडोरीहून जीप आली. नातवाच्या लग्नासाठी बायडाबाई तीन सुनांसह उतरल्या.

"अकरा पैठण्या पाह्यजे. घासाघीस करायला येळ नाय. ती मोरपंखी दाव."

"मावशी, ती बुक आहे."

"मंग ती जांभळी?"

"तीपण."

"आन ती दारातल्या बाहुलीच्या अंगावरची?"

हर्षलने स्क्रीन पाहिला. "ती मालेगावच्या मॅडमची."

"आरं, कपाटं फुटायला आलीत! दुकान हाय का ब्यांकेचं लॉकर?"

हर्षलने बिल करून पाहिलं. राखीव माल सोडवल्याशिवाय बिल निघेना, आणि सोडवायला त्या त्या गिऱ्हाइकाचा ओटीपी हवा! ही सोय त्यानेच हौसेने चालू केली होती. त्याने मालेगावला फोन लावला.

"मॅडम, तुमच्या पैठणीसाठी मोबाईलवर ओटीपी आलाय, तेवढा सांगता?"

"कसली पैठणी? मी काही घेतलेली नाही! मेल्या, मला लुबाडतोस?"

दुसरीने नवऱ्याला फोन दिला. तिसरीचा नवराच पोलिसात निघाला! अर्ध्या तासात सविताच्या मोबाईलवर मेसेज आला : 'पैठणीच्या नावाने ओटीपी मागणाऱ्या टोळीपासून सावधान.' खाली हर्षलचा नंबर होता.

एवढ्यात बायडाबाई उठल्या. पोराचा चेहरा पाहून त्यांना दयाच आली. "ऱ्हाऊ दे बाबा. ती मोरपंखी बाजूला ठेव. मालकाला इचारून येते," म्हणाल्या आणि सुनांना घेऊन थेट समोरच्या दुकानात शिरल्या.

हर्षलची बोटं सवयीने नाव टाकायला निघाली. सविताने हळूच कीबोर्ड ओढून घेतला.

दुकान बंद करताना तो बापापुढे उभा राहिला. अगदी रडकुंडीला आला होता बिचारा.

"आण्णा, चुकलंच माझं. पण सराई अजून महिनाभर आहे. त्या किल्ल्यांचं..."

आण्णांनी प्रेमाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"किल्ल्या तुझ्याच रे! बाजूला ठेवल्यात. फक्त तुझ्या आईला विचारून सांगतो."