म्हातारा उठून नाचला

माझ्या लेकाला, समाधानला, घरातली कुठलीही गोष्ट चारचौघांत मिरवल्याशिवाय पचत नाही. विहिरीला पाणी लागलं तेव्हा त्यानं मखमलाबादभर पेढे वाटले. पाणी आठ दिवसांत आटलं. मग त्याच्या वेदिकेला बारावीत फ्रेंचमध्ये शंभरात शहाण्णव मार्क पडले. पोरगी नोकरीला लागली तरी याचं एकच, आमची वेदिका फाडफाड फ्रेंच बोलते. तेवढ्यासाठी टीव्हीवर फ्रेंच चॅनल घेतलं. ते बघते मी एकटी. दुपारी झेंडूच्या माळा ओवताना त्यावर एक कार्यक्रम लागतो. अख्खं कुटुंब स्टेजवर येऊन भांडतं, गातं, नाचतं आणि समोरची माणसं हसतात. तेच तेच भाग पुन्हा दाखवतात.

परवा मनमाडच्या गोजराबाई त्यांच्या शेखरला घेऊन वेदिकेला बघायला आल्या. मुलगा रेल्वेत. स्थळ सगळ्यांच्या मनात भरलेलं, वेदिकेच्याही. पोह्यांवर खोबरं तिनं दोनदा पेरलं. तेवढ्यात समाधाननं टीव्ही लावला.

"वेदू, काय बोलतात ते सांग पाहुण्यांना."

पोरीचा चेहरा उतरला. तिनं फ्रेंच घेतलं होतं मार्कांसाठी. उत्तरं पाठ केली, पेपर लिहिला, संपलं. पडद्यावर एक म्हातारा पलंगावर निपचित पडलेला, भोवती रडारड. ती चाचरत म्हणाली, "आजोबा वारले. घरच्यांना फार दुःख झालंय."

रडणारे आत गेले आणि म्हातारा उठून नाचायला लागला.

गोजराबाईंचा चमचा हवेतच राहिला. समाधान म्हणाला, तिकडं तशी पद्धत असते.

"मेलेल्यानं नाचायची?" गोजराबाईंनी विचारलं.

वेदिकेच्या डोळ्यांत पाणी तरारलं. मग मला राहवेना. मी सांगितलं, म्हातारा मेलाच नाही. कोण खरं रडतंय ते बघायला आडवा पडलाय. आता थोरली सून आली की हा पुन्हा निजेल, ती उशाखालच्या किल्ल्या काढील आणि हा तिचं मनगट धरील.

सून आली. म्हाताऱ्यानं मनगट धरलं.

"मावशी, तुम्हाला पण फ्रेंच येतं?" गोजराबाई म्हणाल्या.

"चौथीत शाळा सोडली मी," मी म्हणाले. "पण सुना लय बघितल्या."

शेखर इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, मीही बारावीला फ्रेंचच घेतलं होतं, चौऱ्याण्णव पडले, आत्ता एक अक्षर कळलं नाही. गोजराबाई एकदम पोह्यांतले शेंगदाणे निवडायला लागल्या. त्यांनीही मनमाडभर काय सांगितलं असेल ते मला कळलं. वेदिका डोळे पुसत हसली. ती दोघं हसायची थांबेनात, तेव्हा गोजराबाईंनी आणखी पोहे मागितले.

सुपारीची तारीख ठरवून पाहुणे निघाले. त्यांची गाडी कोपऱ्यावर वळतेय न वळतेय, समाधान फोनवर कुणाला तरी सांगत होता, अहो, आमच्या आईला सुद्धा फ्रेंच येतं.

मी फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"समाधान, त्या म्हाताऱ्याला पोरं वळखायला आडवं पडावं लागलं. मला नाय लागायचं. तू मला उभ्या उभ्याच कळलाय."