सबनीस पाळण्यात बसतात

आत्तापर्यंत नऊ वेळा सबनीसांनी माझा शेवटचा निरोप घेतला आहे. चारदा जर्मनीत, दोनदा हॉलंडमध्ये आणि डेन्मार्क, फ्रान्स, स्पेन इथे एकेकदा. जागा दर वेळी तीच, रोलरकोस्टरच्या रांगेचं तोंड. आधी चष्मा काढून माझ्या हातात देतात, मग घड्याळ, मग लग्नातली अंगठी. आणि पांढऱ्याफटक ओठांनी म्हणतात, "निळा ऑर्डनर. कपाटात, वरचा खण. विम्याचे कागद त्यातच आहेत."

ऑर्डनर म्हणजे फाइल. जर्मनीत माणसाचा जन्म, लग्न, भाडेकरार, सगळं एकेका ऑर्डनरमध्ये राहतं. सबनीसांनी मरणासाठीही एक करून ठेवला आहे.

पहिल्या वेळी मी गांगरून म्हणालो, "काळजी करू नका, मी वहिनींची मदत करीन."

"वहिनींना," सबनीस म्हणाले. "वहिनींना मदत करीन. वहिनींची मदत मराठीत करत नाहीत." एवढं बोलून ते वर गेले. म्हणजे पाळण्यात.

आम्ही दोघं वोल्फ्सबुर्गला एकाच कंपनीत इंजिनिअर. सबनीस ब्रेकच्या विभागात आहेत, आणि तो योगायोग नाही, स्वभाव आहे. ऑटोबानवर ते उजव्या लेनमधला एखादा भला ट्रक निवडतात आणि हानोफर येईपर्यंत त्याची पाठ सोडत नाहीत. घरातला दिवा बदलायचा तर शिडीवर वहिनी चढतात, शिडी मी धरतो आणि सबनीस सोफ्यावरून सूचना देतात.

त्यांचा दुसरा आजार व्याकरणाचा. मंडळाच्या गणपतीत नुकत्याच पुण्याहून आलेल्या एका मुलाने "चला, आरती चालू झाली" अशी हाक दिली. सबनीसांनी टाळ खाली ठेवले. "दिवा चालू असतो. आरती सुरू होते." त्या दिवशी बाप्पालाही दोन मिनिटं थांबावं लागलं.

असा हा शिडीला भिणारा माणूस वर्षातून एकदा तरी गाडी काढून युरोपातलं एखादं अवाढव्य पार्क गाठतो आणि तिथल्या सगळ्यात उंच पाळण्यात जाऊन बसतो. मी सडाफटिंग, सुट्ट्या मोकळ्या, म्हणून पिशव्या सांभाळायला मला नेतात. वहिनी येत नाहीत. "नसती उठाठेव," असं म्हणून डब्यात दशम्या भरून देतात.

बरोबर असते ती ओवी, त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेत तिला ओफी म्हणतात. घरात आईबाप मराठीत बोलतात आणि ओवी जर्मनमध्ये उत्तर देते. "ओवी, जेवलीस का?" "जा, शोन." म्हणजे हो, केव्हाच. तिला सगळं कळतं. बोलत मात्र नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दक्षिणेकडच्या एका पार्कात गेलो. तिथे प्रत्येक देशाची एकेक गल्ली बांधली आहे, त्यामुळे सकाळी ग्रीसमध्ये चहा आणि दुपारी आइसलँडमध्ये दशम्या असं झालं. ओवीची शाळा संपली होती. ऑक्टोबरात ती शिकायला हायडेलबर्गला जाणार होती. ती पाणी आणायला गेली तेव्हा सबनीस पाळण्याकडे बघत उभे होते आणि त्यांचा रंग उतरत चालला होता. मला राहवेना.

"सबनीस, तुम्हाला जिवाची एवढी भीती. मग हे कशासाठी?"

"आल्झो," सबनीसांनी जर्मनमध्ये सुरुवात केली, म्हणजे 'हं, तर'. मग म्हणाले, "लहानपणी ही दिवसभर मराठी बोलायची हो. पाच वर्षांची असताना एकदा खिडकीत उभी राहून म्हणाली, बाबा, सूर्य आली. जर्मनमध्ये सूर्य बाई असतो ना. मी म्हटलं, आली नाही, आला. मग जेवताना म्हणाली, काटा पडली. मी म्हटलं, पडला. मी एकही चूक सोडली नाही. शाळेत जायला लागली आणि हळूहळू माझ्याशी जर्मनच बोलायला लागली. मला वाटलं, होईल सरळ. झालं नाही."

"आणि पाळणे?"

"आठ वर्षांची होती. जत्रेत ते जहाज असतं ना झुलणारं, त्यात बसलो. जहाज वर गेलं तशी ओरडली, आई गं, बाबा, मला धर. दीडदोन वर्षांनी तिचं मराठी ऐकलं मी. घाबरलेलं माणूस चुका बघत नाही." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे दिला. "मग दर वर्षी जरा उंच शोधायचा. स्पेनमध्ये मात्र नुसती 'गाइल' म्हणून ओरडली. म्हणजे मस्त. आता ती घाबरत नाही. हा शेवटचा."

मला त्यांचा राग आला. पाच वर्षांच्या पोरीला कोणी असं टोकतं का? आणि लगेच इतकं वाईट वाटलं की मी पिशव्या, चष्मा, अंगठी सगळं लॉकरमध्ये कोंबलं आणि जन्मात पहिल्यांदा रांगेत शिरलो. बापलेकीच्या बरोबर मागची जागा मिळाली. दांडा मांडीवर उतरला तेव्हा मलाही एक ऑर्डनर असायला हवा होता असं वाटलं.

साखळी खडखडत आम्हाला वर ओढायला लागली. खाली माणसं तिळाएवढी झाली. माथा हातभर राहिला असेल आणि खडखड थांबली. गाडी जागच्या जागी उभी. वारा अंगात शिरत होता. भोंग्यातून एक बाई म्हणाली की कृपया बसून राहा. दुसरं कुठे जाणार होतो? मी डोळे गच्च मिटले.

पुढून सबनीसांचा आवाज आला. "निळा ऑर्डनर," ते कोणालाही उद्देशून म्हणत नव्हते. "वरचा खण." श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"पापा, आलेस गुट," ओवी म्हणाली. सगळं ठीक आहे. तिने पुन्हा सांगितलं, मग आणखी काहीतरी जर्मनमध्ये, भराभरा. उपयोग नव्हता. वीस वर्षं जर्मनीत नोकरी केलेल्या माणसाला त्या घडीला जर्मनचा एक शब्द कळत नव्हता.

ओवीने जर्मन सोडलं. मग अंधारात पायरी चाचपावी तसं एकेक शब्द ठेवत म्हणाली, "बाबा. खाली नको बघू. मी आहे ना."

मी डोळे उघडले. ती पुढचं शोधत होती. मिळालं तेव्हा तिने तळवा त्यांच्यासमोर धरला.

"माझी हात धर."

माझा, मी मनात म्हणालो. आता सबनीस म्हणणार, माझा. मरणाच्या दारात वहिनींची मदत सुधारणारा माणूस हे सोडणार नाही. ओवीही तेवढ्यासाठीच थांबल्यासारखी वाटली, कारण तिची मान किंचित खाली गेली होती. खाली कुठेतरी साखळीला हिसका बसला आणि गाडी माथ्याकडे सरकायला लागली.

"धरली," सबनीस म्हणाले.