व्हेल्डनबर्गची परीक्षा

आवाजाच्या बाबतीत सोनपेठच्या पंचक्रोशीत माझा शब्द शेवटचा! पोस्टाने रेडिओदुरुस्तीचा कोर्स केला तेव्हापासून लोक मला नागनाथमास्तर म्हणतात, आणि मी कधी कुणाला ते म्हणू नका असं सांगितलेलं नाही. लाउडस्पीकरचा भोंगाही या भागात माझाच. बारसं असो, लग्न असो, माझ्याशिवाय कुणाचं पान हलत नसे.

म्हणून शहाऐंशी साली दिनकररावांच्या रुख्मिणीचं लग्न ठरलं, तेव्हा मी बोलावण्याची वाट न बघता भोंग्याला चंदेरी रंग देऊन टाकला. रंग वाळायच्या आत तिचा मामा बन्सीधर मस्कतहून आला. तिथे तो फिटर होता. येताना त्याने ‘व्हेल्डनबर्ग’ कंपनीचा स्टिरिओ आणला, आणि जगात याच्या वरचं मशीन नाही असं गावभर सांगत सुटला. लग्नात गाणी यावरच वाजणार, मंगलाष्टकं यातच भरून घेणार आणि पंगतीला पुन्हा ऐकवणार. भोंग्याला सुट्टी!

या घरचं लग्न हातचं गेलं तर उद्या मला कोण विचारणार? पण खरं सांगतो, रागाहून मला कुतूहल जास्त होतं. या कंपनीच्या मशीनचं चित्र मी मासिकात पाहिलं होतं. लोक त्या नावावर जीव टाकतात ते कशासाठी? आत खरंच काही आहे, की सगळी किंमत त्या पितळी पाटीची?

रविवारी सकाळीच दिनकररावांच्या ओसरीवर जाऊन बसलो. त्यांच्या बायकोने, सुमनवहिनींनी, स्टिरिओच्या पेटीवर लोकरीचा विणलेला रुमाल घातला होता आणि दोन्ही स्पीकरना हळदकुंकू लावलं होतं. मी पेटी उचलून पाहिली, मागून पाहिली, वास घेतला. वजनात तर खोट नव्हती.

मी म्हणालो, परीक्षा घेऊ. इंग्रजी गाण्यातलं खरंखोटं आपल्याला काय कळणार? सगळ्यांच्या कानात बसलेला आवाज लावा. दत्तरावकाकांची कॅसेट आणा.

दत्तराव म्हणजे दिनकररावांचे वडील. रोज भजन म्हणायचे. एका बारशीला, म्हणजे एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, मीच त्यांचं भजन भरून घेतलं होतं, माइक हातात धरून. त्याच वर्षी ते गेले. त्यांच्या मागे कस्तुराबाईकाकू ती कॅसेट देवघरात ठेवतात आणि दर वर्षश्राद्धाला मी माझ्या मशीनवर लावतो. ठरलं असं: दोन्हींवर काका सारखेच ऐकू आले तर लग्नात माझा भोंगा. पेटीत काही जास्त निघालं तर मी भोंगा घरी ठेवायचा.

आधी माझं मशीन लावलं. नेहमीची घरघर, आणि तिच्या पलीकडे विहिरीत उतरून गाणारे काका. सगळ्यांनी दरवर्षीप्रमाणे माना डोलावल्या.

मग बन्सीधरने व्हेल्डनबर्गचं बटण दाबलं. घरघर गायब! काका ओसरीवर येऊन बसले आणि खाकरले. कस्तुराबाईंनी पटकन डोक्यावरून पदर घेतला.

मी तिथेच हरलो होतो. मुकाट उठायला हवं होतं. पण काय सांगू, पेटीतून एकेक वस्तू बाहेर यायला लागली. मृदंगवाला ग्यानबा शेजारीच बसला होता, त्याला स्वतःची अंगठी मृदंगाच्या कडेवर वाजलेली ऐकू आली. कुणाला गोठ्यातल्या वासराचं हंबरणं सापडलं. काकूंना स्वयंपाकघरात पडलेली वाटी ओळखू आली. आणि मला भजनाच्या खाली कुणीतरी कुजबुजत असल्यासारखं वाटलं.

बन्सीधर म्हणाला, जाऊ द्या. मी कसला जाऊ देतोय! मी स्वतः टेप मागे घेतली. जाड आवाज कमी केला, बारीक वाढवला. ग्यानबाला गप्प बसवलं. आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

“ग्यानबा, म्हातारं रेड्यावानी रेकायलंय. ताल पळव की जरा. कालची एकादशी, पोटात अन्नाचा कण न्हाई.”

आवाज माझा होता. माइक माझ्याच हातात, मग दुसऱ्या कुणाचा असणार? पाठोपाठ पेटीतला ग्यानबा म्हणाला, “मास्तर, मी तवाचा पळवायलोय. ते ऐकायलंय व्हय?”

भजन संपल्याशिवाय बारशीची पंगत बसत नसे, म्हणून भुकेपोटी बोललो होतो. पण हे आता सांगायचं कुणाला? काका म्हणजे पंगतीत स्वतः माझ्या ताटात तूप वाढणारा माणूस. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ग्यानबा चपला शोधत होता.

“माघारी घे रे, नागनाथा,” काकू म्हणाल्या.

मी टेप मागे घेतली. त्यांनी पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि त्याच पदराने डोळे पुसले.

“बेसूरच गायचे. मला बी ठावं होतं, पर कधी बोलले न्हाई.” मग मुलाकडे वळल्या. “दिनकर, पेटी लय खरी हाय. घरात ऱ्हाऊ द्या. लग्नात नगं. मांडवात इहीणबाई काय बोलतील, आपल्या बाया काय बोलतील, ते समदं हिच्यात भरून पंगतीला ऐकवायचं व्हय? लेकीला नांदायचंय तिथं. नागनाथाचा भोंगाच लावा. त्यातलं कुणालाच काय कळत न्हाई.”

आणि त्यांनी तिथल्या तिथे कामाची सुपारी माझ्या हातावर ठेवली. अशी शिफारस होऊन मिळालेलं काम मी त्याआधीही केलं नव्हतं आणि नंतरही नाही.

लग्नात पंगत तीन वाजता बसली. तोवर मी माइकपाशी उपाशी उभा होतो, पण तोंडातून ब्र काढला नाही. बन्सीधरने ती पेटी कुठे चालू करून ठेवली असेल, कुणी सांगावं!