काल्याचं दही सायकलवर

“टोपण घट्ट बसलंय. आता तुम्ही आणि तुमचा विठोबा,” असं म्हणत सुमनताईंनी दह्याचा स्टीलचा डबा सयाजीरावांच्या पाठीवरच्या सॅकमध्ये उभा केला, भोवती टॉवेल कोंबला आणि चेन ओढली. तळेगावच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये अजून नीट उजाडलं नव्हतं. सयाजीराव डोक्याला हेल्मेट, गळ्यात तुळशीची माळ आणि कपाळाला बुक्का अशा थाटात सायकलवर बसले होते. चाकण रोडच्या कंपनीत गिअर घासण्यात अख्खी नोकरी गेली, पण स्वतःच्या बुडाखाली गिअर आले ते रिटायर झाल्यावर.

थोरल्यावाडीच्या सप्ताहात काल्याचं दही बोडक्यांच्या घरातून जातं. हा मान सयाजीरावांच्या आज्यापासूनचा. त्याला दोन अटी. दही इंजिनाच्या गाडीतून न्यायचं नाही, आणि घरातून निघाल्यापासून देवळात पोचेपर्यंत भांडं जमिनीला टेकवायचं नाही. इतकी वर्षं सयाजीराव ते डोक्यावर घेऊन चालत जायचे. यंदा गुडघा बोलायला लागला. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा, सायकल चालवा. धाकटा चुलतभाऊ अर्जुनराव लगेच फोनवर हजर. “दादा, कशाला जिवाला तरास? ह्या वर्साला मान आमच्याकडं द्या. माझी पोरं चालत आणतील.”

एकदा गेलेला मान परत येत नाही, हे गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. सयाजीरावांनी देवळाच्या मंडळाला विचारलं, “सायकलला इंजिन असतं का?” मंडळाने बराच वेळ खल करून सांगितलं, “नसतं. मंजी पायीच की. पर दही उशिरा आलं, न्हाईतर भुईला टेकलं, तर मान अर्जुनाकडं.”

मुलगा निरंजन माणच्या आयटी पार्कात नोकरीला होता आणि दर रविवारी सायकल घेऊन गावं पालथी घालत होता. त्याने वडिलांना सायकल दिली, वर खास बूटही दिले. बुटाच्या तळाला एक पत्री असते. ती पेडलमध्ये खट्‌कन अडकते आणि पाय पेडलला चिकटून राहतो. टाच बाहेर मुरडली की सुटतो.

“बाबा, याने गुडघ्यावर ताण येत नाही. फक्त थांबायच्या आधी टाच मुरडायची. लक्षात राहील ना?”

“अरे, अख्खी हरिपाठाची पोथी लक्षात आहे. एक टाच नाही राहायची?”

सुमनताईंनी दोन संध्याकाळी गॅलरीतून त्यांचा सराव पाहिला होता. पाहून त्या स्वयंपाकघराकडे वळल्या होत्या.

इंदोरीचा पूल ओलांडला, कंटेनरांचा रस्ता मागे पडला आणि बाप-लेक आपापल्या सायकलवरून आतल्या खाचखळग्यांच्या कच्च्या वाटेला लागले. अहाहा! माघातली थंडी, दोन्हीकडे कांद्याची हिरवी पात, उसाच्या तुऱ्यांवर पहिलं ऊन आणि रस्त्यावर माणूस नाही. सयाजीरावांना वाटलं, आपण सायकल चालवत नसून अभंगाच्या चढत गेलेल्या चालीवर बसलोय.

“सावकाश, बाबा. आजची राइड सोपी. गाता आलं पाहिजे इतक्याच वेगाने चालवायची.”

सायकलिंगमध्ये असाही नियम असतो हे ऐकून सयाजीराव धन्य झाले. त्यांनी मोठ्याने गजर धरला. डबा पाठीवर ताल देऊ लागला, डुबुक डुबुक.

“डबा तोंडापर्यंत भरलेला नाही वाटतं,” ते म्हणाले. “तुझी आई हात आखडायला लागली.”

तेवढ्यात बाजूच्या पायवाटेने टाळ घेतलेली मंडळी आली. सगळी सप्ताहाला निघालेली. त्यांनी माळ पाहिली, बुक्का पाहिला आणि हात जोडले. “राम कृष्ण हरी, माउली!”

आता पन्नास वर्षांची सवय. कोणी राम कृष्ण हरी म्हटलं की सयाजीरावांचे हात विचारायला थांबत नाहीत. दोन्ही हात हँडलवरून उठले आणि छातीशी जुळले. सायकल दचकली. पाय खाली टेकवायला गेले तर पाय पेडलला! सयाजीराव हात जोडलेल्या अवस्थेतच, अगदी सावकाश, एखाद्या झाडासारखे बांधावरच्या गवतात आडवे झाले. पण पठ्ठ्याने पडतापडता पाठ वर ठेवली. तोंड गवतात, डबा आकाशाकडे.

“बाबा! हात टेकवायचे ना!”

“जोडलेले होते रे!” गवतातून आवाज आला. “डबा टेकला का?”

“नाही.”

“मग मी पडलोच नाही.”

नेमकी तेव्हाच मागून अर्जुनरावांची पांढरी जीप आली. आत मागच्या सीटवर सुमनताई जावेशेजारी बसल्या होत्या. अर्जुनरावांनी काच खाली केली. “काय दादा, हितंच दंडवत? देऊळ अजून लई लांब हाय. द्या की दही, टाकतो मागं!”

“तू हो पुढं, अर्जुना,” सयाजीराव कानातलं गवत काढत म्हणाले. “दही आपल्या पायानं येतंय.”

जीप गेली. पण पुढे प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी काल्याला निघालेलं होतं, आणि प्रत्येकाला राम राम करायची घाई होती. ओढ्याजवळ सयाजीराव पुन्हा आडवे झाले. विटांच्या भट्टीपाशी पुन्हा. दर वेळी पाठ वर. दर वेळी निरंजन त्यांना सायकलसकट उभं करायचा आणि दर वेळी आत डबा मोठ्याने डुबुक म्हणायचा.

मळ्याच्या चढावर तर छबूबाई आडव्या आल्या. नात्याने सयाजीरावांच्या चुलत-आत्या. काल्याचं दही नेणाऱ्याच्या पाया पडायचं, ही त्या वाटेची रीत.

“थांब रं सया, पाया पडू दे!”

“आत्या, थांबलो तर पडेन!”

“मंग चालता चालता पडते!” म्हणत छबूबाई पदर खोचून सायकलबरोबर पळू लागल्या. पण पाय एका जागी असतील तर ना! डावा धरायला जावं तर तो वर, उजवा धरावा तर तो खाली. “आरं, पाय हाईत का रहाट! घटकाभर ठिवशील का जाग्यावर!” शेवटी त्यांनी फिरता डावा पाय गच्च धरला. सायकल जागच्या जागी उभी राहिली आणि सयाजीराव उजव्या बाजूने ज्वारीत शिरले.

त्या पडण्यात हँडल वाकडं झालं. फाट्यावर इकबालचं गॅरेज होतं. त्याने चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल सरळ केलं आणि काय प्रकार आहे ते ऐकून घेतलं.

“काका, एक सांगू? आमचा सलाम एका हाताने होतो. तुम्ही आजच्या दिवस नमस्कार पण एकाच हाताने करा. उजवा छातीवर, डावा हँडलवर.”

“अर्धा नमस्कार?”

“अर्धा कुठे? बाकीचा अर्धा सायकल धरून आहे ना, तो पण देवाच्याच कामाला.”

सयाजीराव थक्क झाले. “इकबालभाई, हे कीर्तनात सांगण्यासारखं आहे.”

आणि जादू झाली. उजवा हात छातीवर, मान खाली, “राम कृष्ण हरी!” सायकल सरळ. पुढची सगळी वाट त्यांनी अशीच पार केली आणि उन्हाला धार चढायच्या आत थोरल्यावाडीची कमान दिसली.

देवळापुढे मांडव गच्च भरला होता. साधनाताई महाराजांचं कीर्तन काल्याच्या चरणापर्यंत आलं होतं. मृदंग घुमत होता, टाळकरी पावलं टाकत होते. अर्जुनराव दोरीला बांधलेल्या रिकाम्या हंडीखाली उभे राहून वारंवार घड्याळ बघत होते.

“आलं! दही आलं!” कोणीतरी ओरडलं. अख्खा मांडव उठून कमानीकडे धावला. साधनाताईंनी वीणेकऱ्याच्या खांद्यावरून सयाजीरावांकडे पाहिलं आणि दोन्ही हात डोक्याच्या वर जोडले. “राम कृष्ण हरी!”

सयाजीरावांनी उजवा हात छातीवर नेला. मनाशी म्हणाले, इकबाल, इकबाल. पण समोर हरिदास, वर पताका, मृदंगाचा चढता ठेका! डाव्या हाताने ऐकलं नाही. दोन्ही हात जुळले.

निरंजनने डोळे मिटले. पण गर्दी इतकी दाट होती की पडायला जागाच नव्हती. सयाजीराव डावीकडे कलले तर तिथे खांदे, उजवीकडे कलले तर तिथे खांदे. तरण्या पोरांनी त्यांना सायकलसकट उचललं आणि हात जोडलेले सयाजीराव सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट हंडीखाली जाऊन पोचले.

“टेकला न्हाई!” छबूबाई मागून पळत येऊन ओरडल्या. “मी बगितलं, वाटंवरच्या समद्यांनी बगितलं! मानूस चारदा टेकला, डबा एकदाबी न्हाई!”

अर्जुनरावांनी टोपण उघडलं. आत डोकावले आणि त्यांचा चेहरा खुलला. “दही कुठंय? ह्ये तर ताक हाय! मान दह्याचा हाय, दादा. ताकाचा न्हाई.”

आज्याने, बापाने जपलेला मान आपण ज्वारीत सांडला, असं सयाजीरावांना वाटलं.

साधनाताईंनी डबा पुढे घेतला. बाही सारून हात आत घातला, चाचपला आणि वर काढला. तळहातावर पांढराशुभ्र, नारळाएवढा लोण्याचा गोळा!

“अर्जुनराव,” त्या हसू आवरत म्हणाल्या, “गोकुळात शिंकं कशासाठी फोडलं होतं हो? दह्यासाठी गौळणी भांडतात. देव ज्याच्यासाठी चोर झाला ते हे! आजवर तुम्ही देवाला दही दिलंत आणि घुसळण त्याच्यावर टाकलीत. यंदा बोडक्यांनी घुसळून आणलंय. आणि तेही स्वतः पडून!”

मृदंगावर थाप पडली. मांडवाने असा गजर केला की कमानीवरचे पारवे उडाले. हंडी लोण्याने भरली आणि फुटली. लाह्या, लोणी, ताक सगळ्यांच्या ओंजळीत आलं. मंडळाने तिथल्या तिथे ठरवलं, यापुढे काल्याला लोणीच, आणि ते सयाजीरावांच्याच सायकलवरून, त्याच वाटेने.

“ती वाट पुढल्या म्हैन्यात डांबरी व्हणार हाय,” अर्जुनराव पडेल आवाजात म्हणाले. “मीच खटपट करून मंजूर केलीय.”

“रद्द कर!” छबूबाईंनी दटावलं.

पंगत उठल्यावर सयाजीराव सुमनताईंना शोधत पारापाशी आले. डोळे अजून ओले होते. “पाहिलंस? देवाची लीला! दह्याचं आपोआप लोणी!”

“आपोआप?” सुमनताई पदराने हात पुसत म्हणाल्या. “पार्किंगमध्ये दोन संध्याकाळी पडताना बघितलं होतं तुम्हाला. वाटेत धडपडणार हे कळलंच होतं. म्हणून दुधाऐवजी आठवडाभराच्या सायीला विरजण लावलं. आणि हलायला जागा राहावी म्हणून डबा मुद्दाम अर्धाच भरला.”

सयाजीरावांचे दोन्ही हात हळूहळू वर आले आणि बायकोसमोर जुळले.

सुमनताईंनी आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं.

“जपून,” त्या म्हणाल्या. “पडाल.”