धावणाऱ्याचा पंप

“हे धावतात,” बायकोने तिसऱ्यांदा सांगितलं. “चालत नाहीत, धावतात. रोज सकाळी सहा ते सात. पंप त्या हिशेबाने दाखवा.”

दवाखान्यातल्या पंपवाल्या ताईंनी टेबलावर दोन इन्सुलिन पंप मांडले होते. एक पट्ट्याला अडकवायचा, त्यातून बारीक नळी पोटापर्यंत जाणारी. दुसरा बिननळीचा, काडेपेटीएवढा, दंडावर चिकटवायचा. टेबलाच्या अलीकडे नवरा बसला होता आणि त्याची कानशिलं तापली होती. कारण हा गृहस्थ धावत नव्हता.

माणूस वाईट नव्हता हो. पंधराव्या वर्षापासून मधुमेह, दिवसाला चार-पाच सुया, पण कधी कुरकुर नाही. नकाशे काढायच्या कचेरीत खाली मान घालून काम करायचा. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “व्यायाम करा.” बायकोने दुसऱ्याच दिवशी चांगले बूट आणले. तीन दिवस तो खरंच धावला. चौथ्या दिवशी धाप लागली म्हणून बेकरीसमोरच्या बाकावर जरा टेकला. आतून ताज्या क्रीमरोलचा वास आला आणि तिथेच सगळं संपलं. तेव्हापासून रोज सहाला बूट घालून निघायचं, बाकावर बसायचं, चहाबरोबर दोन क्रीमरोल हाणायचे, मग बागेतल्या नळाचं पाणी मानेवर आणि शर्टावर मारून घरी परतायचं. निथळणारा नवरा पाहून बायकोचा ऊर भरून यायचा. तिने इमारतभर सांगितलं. लोक त्याला ‘एक्सप्रेस’ म्हणायला लागले. आता एवढं झाल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार?

“नळीचाच बरा,” एक्सप्रेस पुटपुटला.

“बरा कसला? धावताना नळी हलणार, कुठेतरी अडकणार. आणि घामाचं काय? ताई, यांना घाम म्हणजे नळ सोडल्यासारखा येतो हो.”

एक्सप्रेसला जोराचा ठसका लागला.

“असं करू,” ताई म्हणाल्या, “दोन्ही रिकामेच आहेत. दोन्ही लावते. इथेच जागच्या जागी पाच मिनिटं धावून बघा. कुठला टोचतो, कुठला हलतो, लगेच कळेल.”

पट्ट्याला एक, दंडाला एक, असा सजून एक्सप्रेस धावायला लागला. पहिल्या मिनिटाला चष्मा घसरला. दुसऱ्या मिनिटाला चेहरा जांभळा झाला. अडीच मिनिटांनी त्याने टेबलाची कड धरली आणि पंप बघतोय असं दाखवत वाकून उभा राहिला. ताईंची एक भुवई वर गेली.

“बंद खोलीत नाही जमत यांना,” बायको लगेच म्हणाली. “मोकळी हवा लागते.”

नवऱ्याला इतकं सांभाळून घेणारी बायको मिळणं भाग्याचं. एक्सप्रेसला मात्र त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई कागद घेऊन आत आल्या. पंप निवडण्याआधी त्यांनी एक्सप्रेसच्या दंडावर साखर मोजणारं सेन्सर लावलं होतं, दहा दिवस. त्याचा हा आलेख. त्यांनी तो टेबलावर पसरला आणि एका ठिकाणी पेन टेकवलं.

“हे जरा चमत्कारिक आहे. रोज सकाळी सव्वासहाला तुमची साखर वर चढते. धावल्यावर उतरायला हवी. धावताय ना नक्की?”

झालं! आलो पकडीत, असं त्याला वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. दोन वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरणार होतं. त्याने तोंड उघडलं.

“नक्की म्हणजे काय!” बायको कडाडली. “चिंब भिजून येतात!”

डॉक्टरीणबाई आलेखाकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. “आलं लक्षात. तुम्ही फार जोरात धावत असणार. जीव तोडून पळणाऱ्यांची साखर कधी कधी अशी वाढते. किती वेग असतो?”

“आपला… जमेल तसा.”

“बघा, स्वतःचं जरासुद्धा कौतुक नाही!” त्या ताईंना म्हणाल्या.

एक्सप्रेसचं उघडलेलं तोंड मिटलं. बिननळीचा पंप ठरला, कारण तो धावणाऱ्याला सोयीचा. दोन आठवडे वापरून बघायचा. सकाळी सहा ते सात त्यातून आपोआप थोडं जादा इन्सुलिन जाईल, आणि सेन्सर दंडावर तसंच राहील, साखर फार उतरली तर त्यावरून बायकोच्या मोबाइलवर घंटी वाजेल, अशी सगळी सोय लागली.

खरी पंचाईत यापुढे झाली. आधी एखाद्या दिवशी क्रीमरोल नको वाटला तर सोडता यायचा. आता सहा वाजले की यंत्र इमानेइतबारे इन्सुलिन सोडणार, म्हणजे क्रीमरोल खाणं भागच. रविवार असो, सर्दी असो, पोट बिघडलेलं असो, एक्सप्रेस घड्याळाकडे बघत औषध गिळावं तसे क्रीमरोल गिळायचा. बेकरीवाला कौतुकाने म्हणायचा, “साहेब, तुमच्यासारखं नेमाने कुणी येत नाही.” एक्सप्रेस मान खाली घालून दुसरा रोल उचलायचा.

आठवड्याने तपासणी होती. बाहेरच्या बाकावर एक शिवणकाम करणाऱ्या आजी बसल्या होत्या. त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत निरखलं.

“तूच का रे तो धावणारा? मागच्या खेपेला तुझ्या बायकोने सांगितलं मला. म्हटलं, हा सुया टोचून घेत धावतो, मग मी का मशिनपाशी बसून राहू? रोज दोन फेऱ्या मारते आता.”

“वा, छान,” एक्सप्रेस म्हणाला.

“छान कसलं! हे बघ गुडघे.” आजींनी पट्ट्या गुंडाळलेले दोन्ही गुडघे दाखवले. “रडवतात मेले. पण तुला आठवते आणि उठते.”

एक्सप्रेसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःची इतकी शरम त्याला जन्मात वाटली नव्हती. त्यावर कडी म्हणून डॉक्टरीणबाई आत म्हणाल्या, “रविवारी नवीन पेशंट येणार आहेत. त्यांच्यासमोर दहा मिनिटं बोला. तुमच्यासारखं उदाहरण हवं त्यांना.” आणि या गृहस्थाने मान डोलावली! नाही म्हणायलाही हिंमत लागते हो, ती कुठून आणणार?

त्या दिवशी तो धड जेवला नाही. आजींचे गुडघे डोळ्यांसमोरून हलेनात. बायकोला सांगायचं धाडस नाही, तर निदान खोट्याचं खरं तरी करू, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी सहाला बूट घालून तो निघाला आणि बेकरीपाशी थांबलाच नाही.

“अहो साहेब! नेहमीचं काढलंय!” बेकरीवाला बशी घेऊन दारात आला.

एक्सप्रेसने मागे वळूनही पाहिलं नाही. बागेची एक फेरी झाली. फुफ्फुसं भात्यासारखी चालली होती, पण तो थांबला नाही. दुसरी फेरी झाली. शर्ट ओला झाला, स्वतःच्या घामाने! त्याने तो नाकापाशी नेऊन वाससुद्धा घेतला. तिसऱ्या फेरीत हात थरथरायला लागले. समोरच्या एका झाडाची दोन झाडं झाली. पोटात काही नाही आणि दंडावरचं यंत्र ठरल्याप्रमाणे जादा इन्सुलिन सोडतंय, हे त्या शहाण्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. खिशात साखरेची पुडीही नव्हती. क्रीमरोल खायला जाणारा माणूस साखर कशाला बाळगेल? तो तसाच फुटपाथच्या कडेला बसला.

मोबाइलची घंटी ऐकून दहा मिनिटांत बायको स्कूटरवरून आली. घरातल्याच चपला, केस मोकळे, एका हातात फळांच्या रसाची बाटली, दुसऱ्यात मोबाइल, आणि मोबाइलवर डॉक्टरीणबाई. सकाळी फिरायला आलेली दहा-बारा माणसं तोवर गोळा झाली होती.

“आधी पंप थांबवा,” मोबाइलमधून आवाज आला. “रस पाजा.”

बायकोने पंप थांबवला आणि बाटली त्याच्या तोंडाला लावली.  अर्धी बाटली पोटात गेल्यावर दोन झाडांचं पुन्हा एक झालं.

“आता नीट सांगा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आठवडाभर सगळं व्यवस्थित होतं. आज वेगळं काय केलंत?”

एक्सप्रेसने जमलेल्या माणसांकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. मोबाइल ओढून तोंडाशी नेला आणि तिला नि डॉक्टरीणबाईंनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला,

“धावलो.”

“ते रोजचंच हो. वेगळं काय ते सांगा.”

“तेच वेगळं.”

 बायको त्याच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे आधी बारीक झाले, मग मोठे झाले, आणि मानेपासून कानापर्यंत ती लाल झाली.

“काय झालं हो एक्सप्रेसला?” गर्दीतून कुणीतरी विचारलं.

बायकोने पदर खोचला आणि हसून सगळ्यांकडे वळली.

“काही नाही हो,” ती म्हणाली. “आज जरा जास्तच धावलेत.”

मग उरलेली बाटली त्याच्या हातात कोंबत, ओठ न हलवता म्हणाली, “घरी चला तुम्ही.”